कार्यालयातली पडदी आणि आपल्या उसाचे चिपाड



ऊसनोंदीला किंवा बिलाच्या चौकशीला शेती ऑफिसात गेलात, की तुमच्या अन् कारकुनाच्या मधे एक पडदी आडवी येते. ती कशाची केली आहे, हे कोणी विचारत नाही. पण खर्च सभासदांच्या पैशातूनच होतो, आणि तिच्याआड दिवसभर बसणारी पोरेही आपल्याच गावची. तेव्हा विचारलेले बरे.

पूर्वी सागाच्या नाहीतर प्लायवूडच्या पडद्या असत. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी वृक्षतोडीवर कडक निर्बंध घातले, तेव्हापासून लाकडाला पर्याय शोधणे भागच झाले. काही ठिकाणी अॅस्बेस्टॉसचे पत्रे उभे केलेले आढळतात. ते कापताना वा फोडताना उडणारी धूळ फुफ्फुसात बसते व पुढे कर्करोग होतो. असला जुना पत्रा गड्याकरवी हातोड्याने मुळीच फोडू नये.

आता आपल्या घरची वस्तू. एक टन उसाचे गाळप झाले की सुमारे २८० ते ३०० किलो ओले चिपाड, म्हणजे बगॅस, निघते. त्यात निम्मे पाणी. ते वाळवून आतले मऊ भेंड चाळून काढावे लागते, कारण भेंड राळ फार पिते आणि फळी ठिसूळ होते. उरलेल्या धाग्याला राळ लावून तापत्या प्रेसमध्ये दाबला की फळी तयार. हिशेब केला तर एक टन उसात आठ बाय चार फुटांच्या, १८ मिलिमीटर जाडीच्या दोन-अडीच फळ्या बसतात! अमेरिकेत लुइझियाना राज्यात १९२० नंतर लगेचच सेलोटेक्स नावाने चिपाडाच्या फळ्या निघू लागल्या होत्या. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यात वेळापूरला इकोबोर्डने हाच उद्योग उभारला.

मग सगळेच चिपाड फळ्यांना द्यावे का? नाही. बॉयलरचे पोट आधी भरले पाहिजे, नाहीतर कोळसा विकत आणावा लागेल आणि सारे मुसळ केरात. सहवीजनिर्मिती असेल तर शिल्लक आणखी कमी. शिल्लक राहील तेवढ्यापुरतीच ही गोष्ट.

खरी मेख राळेत आहे. स्वस्त फळीत युरिया-फॉर्माल्डिहाइड असते. त्याची वाफ बंद खोलीत डोळ्यांना झोंबते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइडला कर्करोगकारक ठरवले आहे. नुसते ‘चिपाडाची आहे’ म्हणून फळी चांगली ठरत नाही. दरपत्रक मागवताना आयएस ३०८७ हे मानक आणि ‘ई-१’ हा कमी वाफेचा दर्जा लेखी मागावा. कापलेल्या कडांना पट्टी मारून घ्यावी, म्हणजे वाफही कमी आणि पावसाळ्यात फळी फुगतही नाही.

पेठ-सुरगाण्याकडे कारवीचा कूड शेणामातीने लिंपून भिंत करतात. त्यात ना राळ ना वाफ. ऑफिसात तो चालणार नाही, पण उंचीचा धडा घेता येईल. पडदी छातीइतकीच ठेवावी. वारा खेळतो, दिवा कमी लागतो, आणि कारकून जागेवर आहे की नाही तेही बाहेरून दिसते! तळाशी दोन इंच मोकळे सोडावेत. फरशी पुसताना पाणी लागत नाही आणि वाळवी चढू लागली तर लगेच नजरेस पडते.