जव्हार-मोखाड्याला जाताना



वैशाखात सुटी लागली की आपल्या ठाणे-कल्याणकडची पुष्कळ मंडळी चार दिवस जव्हारला जाऊन येतात. मुकणे संस्थानिकांचा राजवाडा पाहतात, डोंगरावरचा वारा खातात, एखादे वारली चित्र विकत घेतात आणि परतल्यावर सांगतात, “आदिवासी पाहून आलो.” जरूर जावे. परंतु ज्या दिवसांत आपण जातो, त्याच दिवसांत तिकडचे कित्येक पाडे अर्धे ओस असतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे. मग धडधाकट माणसे गेली कोठे? ती आपल्याकडेच आलेली असतात, भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर. हे असे का होते, ते आज समजावून घेऊ.

या डोंगरपट्ट्यात वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर व कातकरी राहतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे तालुके २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले. शहापूर-मुरबाड ठाण्यातच राहिले. जिल्हे दोन झाले, पण पोटाचा प्रश्न एकच. वरकस जमिनीवर राब भाजून नागली-वरई आणि सखल तुकड्यात भात, तेही पावसाच्या पाण्यावर. ते वर्षभर पुरत नाही. कातकऱ्याजवळ तर बहुधा तेवढीही जमीन नाही. खैराचा कात काढणे हा त्याचा धंदा. जंगल सरकारी झाले आणि तो बुडाला.

भर पावसाळ्यात घरातले दाणे संपतात, तेव्हा भट्टीवाल्याचा माणूस पाड्यावर येऊन उचल देतो. दिवाळी झाली की नवराबायको पोराबाळांसह भट्टीवर हजर. गारा तुडवायचा, विटा पाडायच्या. मजुरी हजार विटांमागे. आठवड्याला खर्ची मिळते, ती नावे पडते. हिशेब पावसाच्या तोंडावर. उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या सालावर.

गेल्या साली एका भट्टीवर एका कातकरी जोडप्याची वही मी वाचली. उचल, तांदूळ, तेलमीठ, औषधपाणी, सारे तारीखवार मांडलेले. विटा किती पाडल्या, तो रकाना मात्र कोरा! कारखान्यात आम्ही पगाराच्या चिठ्ठीसाठी का भांडतो, ते येथे कळते. ज्याच्या हाती वही, त्याच्या हाती मजूर.

ही रीत जुनी आहे. पूर्वी लग्नासाठी कर्ज काढणारा वारली बायकोसह सावकाराच्या दारी वर्षानुवर्षे राबे. त्याला लग्नगडी म्हणत. जानेवारी १९४५ मध्ये आपल्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिला उंबरगाव तालुक्यातले काही वारली आले होते. त्याच वर्षी मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, असे त्यांनी ठरविले. शामराव व गोदावरी परुळेकर त्यांच्या पाठीशी होते. पुढे मागणी आली ती अगदी साधी: ५०० पौंड गवत कापल्यास अडीच रुपये. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. पण संप मोडला नाही.

आज कायदा मजुराच्या बाजूचा आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठीचे कर्ज रद्द होते आणि ते वेठीचे नव्हे, हे सिद्ध करण्याचे ओझे धनकोवर आहे. १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनाहून कमी मजुरीत काम करून घेणे हीही वेठच. उणीव आहे ती भट्टीवर जाऊन वही उघडणाऱ्याची.

तेव्हा घर बांधाल, सोसायटीची भिंत उभाराल, तर कंत्राटदाराला विचारा: वीट कोणत्या भट्टीची? तेथील मजुराच्या हाती त्याच्या हिशेबाची वही आहे काय? कोठे माणसे अडकवून ठेवलेली दिसली, तर जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. या कायद्याखाली ते त्यांचे काम आहे. आणि जव्हार-मोखाड्याला जायचे, तर एकदा आषाढात जा. आवणी चाललेली असते आणि घरची माणसे घरी भेटतात.