प्लस फोरवर प्लस फोर... चालतं का?

आखाजीची दुपार. बाहेर मरणाचं ऊन, आत कूलर फुल्ल स्पीडवर, पोटात पुरणपोळी आणि आमरस. आता झोपायचं? छे! खान्देशात आखाजीला पत्ते कुटणं ही जवळजवळ ड्युटीच! पोरीबाळी झोक्यावर, पुरुषमंडळी पत्त्यांवर, अशी जुनी वाटणी. आमच्या पिढीने ती मोडली आणि रमीच्या जागी आणला उनो.

आणि तिथेच घोळ झाला.

आमच्या जळगावच्या घरात प्लस फोरवर प्लस फोर टाकता येतो. ज्याच्याकडे नसेल त्याने सगळ्यांचा मिळून दंड भरायचा. धुळ्याच्या मावशीकडे हे बिलकूल चालत नाही. तिथे शून्य पडला की सगळ्यांनी हातातले पत्ते शेजाऱ्याला द्यायचे! गेल्या आखाजीला ताईच्या नऊ वर्षांच्या लेकीकडे एकच पत्ता उरला होता. 'उनो' ओरडूनही झालं होतं. तेवढ्यात ओळीने तीन प्लस फोर पडले. तिसरा माझा. बारा पत्ते! तिचे डोळे भरले.

"असा नियमच नाही," मावसभाऊ म्हणाला.

"आमनं घर, आमना नियम!" मी ठसक्यात.

दादाने पत्ते ठेवले, बाईक काढली आणि न जेवता एरंडोल-पारोळामार्गे थेट धुळं गाठलं. वाटलं, येईल फोन. दिवाळीपर्यंत आला नाही. दोघंही पुण्यात नोकरीला, ऑफिसं पंधरा मिनिटांवर, तरी भेट नाही. एका पत्त्यापायी! (मीही केला नाहीच म्हणा फोन.)

गंमत म्हणजे उनोचा जन्मच अशा भांडणातला. अमेरिकेत ओहायो राज्यात मर्ल रॉबिन्स नावाचे एक न्हावी होते. 'क्रेझी एट्स'च्या नियमांवरून त्यांचा मुलाशी वाद झाला आणि त्यातून १९७१मध्ये त्यांनी नवाच खेळ काढला. घरच्यांनी ८,००० डॉलर जमवून ५,००० संच छापले. १९९२पासून तो मॅटेलकडे आहे.

मग खरा नियम काय? दादा बरोबर होता! प्लस फोरवर प्लस फोर नाही, प्लस टूसुद्धा नाही. चार उचला, टर्न गेला, विषय संपला. २०१९मध्ये उनोवाल्यांनी ट्विटरवर हे सांगितलं तेव्हा जगभरातल्या लोकांनी त्यांनाच वेड्यात काढलं होतं. शून्यवाला खेळ मात्र मूळ नियमात नव्हता, तेव्हा धुळेकरांनीही फार खूश होऊ नये.

शिवाय एक नियम दोन्ही घरांना माहीतच नव्हता. चालू रंगाचा पत्ता हातात असेल तर प्लस फोर टाकायचाच नाही. संशय आला तर पुढचा चॅलेंज करू शकतो. चोरी पकडली तर टाकणाऱ्याला चार पत्ते, नाही पकडली तर चॅलेंजवाल्याला सहा.

यंदा आखाजीच्या आदल्या रात्री मीच फोन केला. "दादा, नियम तू लिही." तो सकाळी दहालाच हजर, हातात कागद. फ्रीजवर चिकटवला, खाली सगळ्यांच्या सह्या, चिमुरडीची सगळ्यात मोठी.

पहिलाच डाव. रंग निळा. मी सवयीने प्लस फोर टाकला.

"चॅलेंज," दादा म्हणाला.

माझ्या हातात निळा सात होता. चिमुरडीने गड्डी पुढे ओढली आणि मोठ्याने मोजायला लागली, "एक... दोन..."