शेवटच्या वावरापर्यंत

पहाटे 4.40

मोटरसायकल तिसऱ्या किकला सुरू होते. मागे फावडं, कुदळ आणि रिकामी सिमेंटची पोती बांधलेली. खांद्याच्या पिशवीत टॉर्च, वही, पाना, ग्रीसची डबी आणि एक लोखंडी हँडल. हँडल दीड हात लांब, एका टोकाला वाकवलेलं, दुसऱ्या टोकाला चौकोनी भोक. तेवढ्या भोकावर चार गावांचा गहू-हरभरा अवलंबून आहे. काकाजी ते कुणाच्या हाती देत नाहीत. सख्ख्या मुलाच्याही नाही.

जानेवारी आहे. रोहणा गाव झोपलेलं. मी मागच्या सीटवर, मांडीवर पोती घेऊन.

5.10

आर्वी तालुक्यात धनोडीला वर्धा नदीवर निम्न वर्धाचं धरण आहे. त्याचं पाणी या बाजूच्या शिवारात कालव्यानं येतं. कागदावर 'कालवा', लोकांच्या तोंडी 'कॅनल'. कॅनलला फुटलेला एक छोटा फाटा काकाजी सांभाळतात. पाळी सुरू झाली की रात्रंदिवस. पाणी वापर संस्थेनं त्यांना त्यासाठीच ठेवलं आहे.

गेटजवळ भिंतीवर सेंटिमीटरची रंगवलेली पट्टी आहे. काकाजी टॉर्च मारतात. बासष्ट. काल रात्री निघताना सत्तर होती.

"वरतं कोणीतरी ओढून रायलं," ते म्हणतात. आवाजात राग नाही. रोजचंच आहे.

मग काम सुरू. कॅनलमधलं आडवं गेट थोडं खाली करायचं. पाणी अडतं, तुंबतं, हळूहळू चढतं आणि बाजूच्या फाट्याच्या तोंडात शिरतं. फार खाली केलं तर काठावरून वाहील, माती खचेल. कमी केलं तर फाट्यात नुसती ओल जाईल. हँडल दांड्याच्या चौकोनी टोकावर बसवून काकाजी दोन्ही पाय रोवतात. पहिला फेरा सगळ्यात जड. कंबरेतून जोर लावावा लागतो, नुसत्या हातानं होत नाही. तोंडानं मोजणी चालू: अकरा, बारा, तेरा. आट्यांना रात्रीच्या दवाची ओल. चौदाव्या फेऱ्याला ते थांबतात, बोटानं ग्रीस लावतात, पुन्हा अठरापर्यंत जातात.

अर्धा तास आम्ही काठावर उकिडवे बसून पट्टीकडे बघतो. त्रेसष्ट. पासष्ट. अडुसष्ट. घाई केलेली पाण्याला चालत नाही.

6.50

टपरीवर चहा, दहा रुपये. काकाजी दोन घेतात. पाळी चालू असेल तोवर त्यांना दिवसाचे चारशे मिळतात. रात्र त्यातच आली. पेट्रोल स्वतःचं, रोज शंभराचं टाकतात, त्यात लिटरही येत नाही. ग्रीस, टॉर्चचे सेल, पोती हेही बहुतेक खिशातूनच. शेजारच्या वावरात बाया कापसाच्या वेचणीला चालल्या आहेत. किलोमागे दहा-बारा रुपये. "त्याइचं बरं हाय," काकाजी म्हणतात, "वजन झालं का हिशेब झाला. माह्यं पाणी कोन मोजते?"

8.15

फाट्याच्या काठानं पायी. इथं गाडी चालत नाही. काकाजींची नजर बाहेरच्या उतारावर. आत पाणी वाहताना सगळेच बघतात. ते बाहेरची बाजू बघतात.

तिसऱ्या पुलाच्या पुढं ते थांबतात. उतारावर ताटलीएवढी माती काळी पडली आहे, भोवतीची करडी, कोरडी. मला तो सावलीचा डाग वाटला होता. ते वाकून बोट लावतात. बोटाला चिखल.

"खेकड्याचं बीळ हाय. दुपारपर्यंत मूठभर, संध्याकाळी गाडीभर."

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. वरचं काँक्रीट तिच्यासोबत हलतं आणि तडकतं. त्या तड्यातून खेकडा, उंदीर, मग पाणी. काकाजी पँट गुडघ्यावर दुमडून पाण्यात उतरतात. जानेवारीचं पाणी. पायाच्या अंगठ्यानं बीळ शोधतात, कारण डोळ्यांना गढुळात काही दिसत नाही. "हे पाय," म्हणतात. अंगठा ओढला जातो म्हणे. मी वरून भुसा देतो. मूठभर भुसा बिळाच्या तोंडाशी सोडला की पाणी स्वतःच तो आत खेचतं, आणि वाट बुजते. त्यावर मातीची दोन पोती, वरून पाय देऊन दाबलेली. बाहेरून बीळ खणून, ओली माती थरानं भरून, फावड्याच्या पाठीनं ठोकलेली.

पाऊण तास. बाहेर येतात तेव्हा नडग्या निळ्या पडलेल्या. तुराट्या पेटवून शेकतात. या पाऊण तासाची नोंद वहीत एका शब्दाची: 'बुजवले'.

10.40

दोन भाऊ धुऱ्यावर भांडत उभे. थोरल्याचं म्हणणं, धाकट्यानं रात्री त्याच्या पाळीत पाणी फोडलं. धाकटा म्हणतो, उंदरानं फोडलं. काकाजी दोघांचंही ऐकतात. मग वही काढतात. पाणी हवं असेल तर सात नंबरचा फॉर्म भरावा लागतो. कुणी किती एकराचा भरला, कुणाला किती वाजता पाणी लागलं, सगळं वहीत आहे. थोरल्याचे काही तास भरायचे राहिले आहेत.

"आता संध्याकाळपर्यंत तुह्ये. मंग त्याचं बंद, तुह्यं बंद, पाणी खालतं."

"काकाजी, अर्धा एकर रायते न माह्या!"

"शेवटच्या बाईचा अख्खा हरभरा रायला, बाप्पा."

यावर कुणी बोलत नाही.

1.30

कडुलिंबाखाली डबा. भाकर, तुरीच्या दाण्यांचा झुणका, कांदा. मी फोन काढतो. माझी पुतणी इंग्लंडात बर्मिंगहॅमला असते. तिथंही कालवे आहेत, पण ते नावा चालवण्यासाठी. गेल्या उन्हाळ्यात ती शेजाऱ्यांच्या लांबट नावेतून गेली होती, त्याचं चित्रण तिनं मला पाठवलं होतं.

शहरात शिरताना फार्मर्स ब्रिजपाशी एकापाठोपाठ तेरा लॉक आहेत, पाण्याच्या पायऱ्याच म्हणा. नाव दोन दारांमधल्या हौदात घ्यायची, खालचं दार लावायचं, वरून पाणी सोडायचं. हौद भरतो, नाव पाण्यासोबत वर चढते. मग वरचं दार उघडून पुढच्या हौदात. असं तेरा वेळा.

काकाजी भाकर हातात तशीच धरून बघतात. नावेवरची बाई काठावर उडी मारते, कमरेच्या पट्ट्यातून काहीतरी काढते आणि दांड्याच्या टोकावर बसवते.

"हँडल!" काकाजी ओरडतात. "माह्यासारखंच हाय न हे!"

तसंच आहे. तिथं प्रत्येक नावेवर स्वतःचं हँडल असतं. ते पाण्यात पडलं तर नाव जिथल्या तिथं. मी तो भाग तीन वेळा दाखवतो. दार बंद असतानाही फटींतून पाण्याच्या चिळकांड्या उडताना दिसतात. "यायचंही गेट गळते," ते समाधानानं म्हणतात. पुढं तेरावा लॉक संपतो, आणि ती माणसं संध्याकाळच्या आत नाव बांधायला जागा शोधत शहराच्या मध्यावर येतात. दोन्ही काठांना नावा लागलेल्या. मोक्याच्या जागी फार दिवस राहता येत नाही. मुदत संपली की दोर सोडायचा, दुसऱ्याला जागा द्यायची.

"पाळीच हाय म्हणा," काकाजी म्हणतात. मग विचारतात, "एका नावेले पाणी किती लागते?"

लाखभर लिटर. एक नाव वरून खाली गेली की तेवढं पाणी तिच्यासोबत हौदाहौदातून खाली उतरतं. काकाजी डोळे मिटून हिशेब करतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटर. तासाला लाख. एकरभर वावर दोन इंच भिजवायचं तर दोन लाख.

"म्हणजे दोन नावा गेल्या का एक एकर हरभरा."

हा हिशेब मी कधी केला नव्हता. त्यांनी भाकरीच्या शेवटच्या घासाआधी केला.

4.00

कचरा. पुलाखाली गवत, पाण्याच्या बाटल्या, एक जुनी चादर अडकलेली. बांबूच्या आकड्यानं ओढून काठावर टाकायची. वीस मिनिटं.

6.20

पट्टीवर एकाहत्तर. थोरल्या भावाचं तोंड बंद केलं, धाकट्याचंही. दोन्ही ठिकाणी फळीवर ओली माती थापून वर खूण म्हणून तुराटी रोवली. कुणी हलवली तर कळेल. आता सगळं पाणी खाली, टेलकडे, फाट्याच्या शेवटाकडे. अंतर सात किलोमीटर. मधे अकरा तोंडं, आणि प्रत्येकापाशी कुणाचं तरी वाळलेलं वावर. काकाजी घरी जेवून येतात, मी टपरीवर. थंडी पुन्हा उतरू लागते.

9.15

शेवटची फेरी सावकाश. माळ्यांवर शेकोट्या दिसतात. रोही आणि रानडुकरांच्या राखणीला लोक जागे आहेत. एका तोंडापाशी पाणी कुरकुरतं. काकाजी गाडी बंद करून ऐकतात. कुणीतरी फळी दोन बोटं उचलून दगड घातला आहे. टॉर्च न लावता दगड काढतात, फळी पायानं दाबतात. माळ्यावरून खोकल्याचा आवाज येतो. काकाजी तिकडं बघत नाहीत. "राम राम," एवढं म्हणतात. वरूनही "राम राम" येतो.

11.35

टेल. इथं फाटा हातभर रुंद राहतो. तळ कोरडा. धुऱ्यावर एक बाई घोंगडी पांघरून बसलेली, शेजारी फावडं. दोन एकर हरभरा. मागच्या पाळीत पाणी इथवर आलंच नाही. हरभरा टाचेला टोचतो इतका सुकला आहे.

आधी ऐकू येतं. कागद चुरगाळावा तसा आवाज. मग टॉर्चच्या उजेडात पाण्याचं तोंड दिसतं. काड्या, पानं, फेस आणि एक गुटख्याची पुडी पुढं ढकलत, भेगा भरत, थांबत, पुन्हा सरकत. जिथं भेग मोठी तिथं बुडबुडे येतात. बाई उठते, घोंगडी धुऱ्यावर टाकते, आणि दोन घावांत दांडाचं तोंड मोकळं करते.

"किती वेळ भेटन, काकाजी?"

"चार तास. म्या इथंच हाय."

काकाजी वही मांडीवर घेतात, टॉर्च दातात धरतात आणि वेळ लिहितात. मग हँडल पिशवीतून काढून उशाशी ठेवतात. मोबाईलला साडेतीनचा गजर लावतात.