सोलर रोबोटचा धंदा: किट विकायचं की शिकवायचं?



सोबतच्या व्हिडिओत आपण उजेडाकडे जाणारा छोटा सोलर रोबोट जोडला. आता मुद्द्याचा प्रश्न: यातून धंदा होईल का? बहुतेकांचा पहिला विचार असतो, "दोनशे किट पॅक करू आणि ऑनलाइन टाकू." घरातले पन्नास हजार त्यात घालण्याआधी एवढं वाचा.

आधी वस्तू समजून घ्या

या रोबोटमध्ये ना बॅटरी असते, ना प्रोग्राम. डाव्या-उजव्या बाजूला एकेक छोटं सोलर पॅनल असतं. पॅनल कपॅसिटर भरतं. ठरावीक व्होल्टेज आलं की दोन ट्रान्झिस्टर आणि एक लुकलुकणारा एलईडी मिळून साठलेला करंट मोटरला सोडतात. मोटर क्षणभर फिरते, थांबते, कपॅसिटर पुन्हा भरतो. डावं पॅनल उजवीकडच्या मोटरला जोडलेलं असतं. डावीकडे ऊन जास्त असेल तर उजवी मोटर जास्त वेळा फिरते आणि रोबोट डावीकडे, म्हणजे उजेडाकडे वळतो. बस, एवढंच!

ही पद्धत मार्क टिल्डन यांनी १९८९ च्या सुमारास कॅनडात सुरू केली. त्यांनीच पुढे वाउवी कंपनीसाठी रोबोसेपियन हा खेळण्यातला रोबोट डिझाइन केला. तो २००४ मध्ये बाजारात आला आणि लाखोंनी विकला गेला. पण त्यामागे मोठी कंपनी आणि मोठा कारखाना होता. आपल्याकडे विक्रोळीत एक टेबल आणि एक सोल्डरिंग गन आहे. त्यामुळे आपला रस्ता वेगळा.

किट विकण्यात अडचण कुठे?

१. भाव. तयार सोलर खेळणी ऑनलाइन इतकी स्वस्त मिळतात की सुटे पार्ट घेऊन तुम्ही त्या भावाला पोहोचणार नाही.

२. नियम. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क बंधनकारक आहे. "आमचं एज्युकेशनल किट आहे, खेळणं नाही" असं परस्पर ठरवू नका. मुलं वर्कशॉपमध्ये बनवलेला रोबोट घरी नेणार असतील तर त्याचं काय, हेही विचारा. बीआयएसचं ऑफिस अंधेरी पूर्वेला आहे. लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा.

३. तक्रार. गिऱ्हाईक घरी ट्यूबलाइटखाली रोबोट ठेवणार आणि "चालत नाही" म्हणून परत पाठवणार. त्याचं चुकत नाही. भर उन्हाच्या तुलनेत घरातला उजेड शेकडो पटींनी कमी असतो.

मग विकायचं काय?

बनवण्याचा अनुभव. याचं चांगलं उदाहरण आपल्या शेजारी, पवईला आहे. आयआयटी मुंबईच्या 'सोल' प्रकल्पाने २०१४ पासून गावागावांतल्या लोकांना सोलर स्टडी लॅम्प जोडायला, विकायला आणि दुरुस्त करायला शिकवलं. २ ऑक्टोबर २०१८ रोजी तर त्यांच्या कार्यक्रमात साडेपाच हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी एकाच वेळी दिवे जोडले. बाजारात तयार दिवे मिळतच होते. पण स्वतः जोडलेला दिवा बिघडला तर तो उघडून बघायची भीती राहत नाही. पालक फी भरतात ती यासाठी.

हिशोब मांडूया

आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमचे तुम्ही टाका. समजा एका मुलाची फी ७०० रुपये आणि साहित्य ३५० रुपये. हॉल १,५००, मदतनीस १,०००, आणि तीन जादा सेट १,०५०. म्हणजे ठरलेला खर्च ३,५५०. प्रत्येक मुलामागे ३५० उरतात, म्हणून ११ मुलं आली तर जेमतेम खर्च निघतो. २० आली तर ३,४५० हातात. ११ नावं पैसे भरून पक्की होईपर्यंत हॉल बुक करू नका.

चार गोष्टी लक्षात ठेवा

• मोटर कमी करंटवर फिरणारीच घ्या. साध्या खेळण्यातली मोटर कपॅसिटर रिकामा करते आणि रोबोट जागचा हलत नाही. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर आधी दोनच नग घ्या, तपासा, मग बॅचची ऑर्डर द्या.

• जून ते सप्टेंबर उन्हाच्या भरवशावर तारीख देऊ नका. पर्याय म्हणून जुना पिवळा बल्ब किंवा हॅलोजन ठेवा. एलईडी बल्ब कितीही लख्ख वाटला तरी या पॅनलला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

• लहान मुलांसाठी सोल्डरिंग आधीच करून ठेवा. त्यांना फक्त जोडणी द्या.

• अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांना भेटा. तिथे सहावी ते बारावीची मुलं आणि हत्यारं दोन्ही असतात. मुख्याध्यापकांसमोर पीपीटी उघडू नका, मैदानात उन्हात रोबोट सोडा.

या आठवड्याचा गृहपाठ: एक रोबोट बनवा, सोसायटीतल्या पाच पालकांना चालवून दाखवा आणि विचारा, "फी भरून मुलाला पाठवाल का?" "छान आहे" हे उत्तर धरू नका. ॲडव्हान्स किती जणांनी दिला, तेवढंच वहीत लिहा. पाचपैकी दोघांनी दिला तर पुढची बॅच करायला हरकत नाही. एकानेही नाही दिला, तर तुमचा खर्च फक्त एका रोबोटचा झाला आणि पन्नास हजार वाचले.