मूलनलिका उपचारानंतर टिकून राहणारा दंतसंसर्ग : कारणे, निदान व उपचार

प्रस्तावना :

१९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिक येथे आहे. त्याच्याशी संलग्न दंत महाविद्यालयांत दातांचे संवर्धन व मूलनलिका उपचार, म्हणजे रूट कॅनाल, यांसाठी स्वतंत्र विभाग असतो. नाशिकमध्येही पंचवटी भागात दंत महाविद्यालय आहे. उपचाराची ही सोय जवळ असली तरी सुशिक्षित समाजातही दोन गैरसमज आढळतात. दाताची 'नस' काढली की त्या दाताला पुन्हा संसर्ग होत नाही, हा पहिला. आणि सूज आलीच तर प्रतिजैविकांच्या गोळ्या पुरेशा ठरतात, हा दुसरा. या दोन्ही समजुतींपायी वाचू शकणारा दात गमवावा लागतो. प्रस्तुत लेखात या संसर्गाचे स्वरूप व त्यावरील उपाय यांचा विचार केला आहे.

संसर्गाचे मूळ :

१९६५ साली काकेहाशी, स्टॅनले व फिट्झगेराल्ड या अमेरिकन संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग केला. त्यांनी उंदरांच्या दातांतील मज्जा उघडी पाडली. सामान्य उंदरांमध्ये ती मृत होऊन पू झाला. परंतु पूर्णतः जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांमध्ये मज्जा जिवंत राहिली व जखम भरून आली. रोगाचे कारण जंतू हेच होय, हे यावरून स्पष्ट झाले. म्हणून मूलनलिका उपचारात नलिका उपकरणांनी व सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने स्वच्छ केल्या जातात, गटापर्चा या पदार्थाने भरल्या जातात आणि दात वरून घट्ट बंद केला जातो. यांपैकी कोणताही टप्पा अपुरा राहिल्यास संसर्ग टिकून राहू शकतो.

संसर्ग टिकून राहण्याची कारणे :

१) सुटलेली नलिका : वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळे असली तरी नलिका बहुधा चार असतात. चौथी नलिका अरुंद असल्याने ती सापडणे कठीण जाते.

२) न पोहोचलेल्या जागा : मुख्य नलिकेला सूक्ष्म फाटे असतात, तेथे उपकरण पोहोचत नाही. एन्टरोकॉकस फीकॅलिस हा जंतू उपचार झालेल्या अशा दातांत अनेकदा आढळतो. तो अत्यल्प पोषणावर तग धरतो.

३) वरून होणारी गळती : तात्पुरते सिमेंट झिजले किंवा कॅप बसविण्यास विलंब झाला, तर लाळेबरोबर जंतू पुन्हा आत शिरतात.

४) मुळाला गेलेली उभी चीर : अशा दातावर पुन्हा रूट कॅनाल करून सहसा उपयोग होत नाही.

५) मुळाबाहेरील संसर्ग : क्वचित मुळाच्या टोकाबाहेर जंतूंची वसाहत होते किंवा द्रवाने भरलेली गाठ तयार होते.

प्रतिजैविकांची मर्यादा :

गोळीतील औषध रक्तावाटे शरीरात पोहोचते. मज्जा नष्ट झालेल्या नलिकेत रक्तपुरवठाच नसतो. त्यामुळे गोळ्यांनी भोवतालची सूज ओसरते. परंतु जंतूंचे आश्रयस्थान तसेच राहते व काही आठवड्यांनी वा महिन्यांनी त्रास पुन्हा उद्भवतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही प्रत्यक्ष दंतोपचार उपलब्ध असताना अशा बहुतेक दुखण्यांत प्रतिजैविके देऊ नयेत, असे सुचविले आहे. वारंवार व अनावश्यक सेवनाने औषधाला न जुमानणारे जंतू निर्माण होण्याचा धोकाही वाढतो. मात्र ताप येणे, चेहऱ्यावर वा गळ्याकडे पसरणारी सूज, तोंड न उघडणे, गिळण्यास किंवा श्वास घेण्यास त्रास होणे ही लक्षणे गंभीर होत. अशा वेळी विनाविलंब रुग्णालय गाठावे.

निदान :

उपचारानंतर पहिले काही दिवस चावताना दुखणे म्हणजे अपयश नव्हे. मुळाच्या टोकाभोवतीचे हाड भरून येण्यास अनेक महिने लागतात. म्हणून एका वर्षाने पुन्हा क्ष-किरण छायाचित्र काढावे, आणि हाड पूर्ण भरलेले नसल्यास चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवावे, अशी युरोपीय तज्ज्ञांची शिफारस आहे. याउलट, वेदना नाही म्हणजे रोग नाही, असेही म्हणता येत नाही. हिरडीवर वारंवार येणाऱ्या लहान पुळीतून पू वाहून जात असल्याने दाब वाढत नाही व दुखतही नाही. जुने व नवे क्ष-किरण छायाचित्र शेजारी ठेवून पाहणे हा निदानाचा पाया असल्याने रुग्णाने आपली छायाचित्रे जपून ठेवावीत. आवश्यकतेनुसार सीबीसीटी हे त्रिमितीय छायाचित्र उपयुक्त ठरते. वरच्या दाढांचे दुखणे कधी सायनसच्या विकारातून, तर कधी चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या विकारातून येते. तेव्हा दुखण्याचे मूळ दातातच आहे, याची आधी खात्री करणे क्रमप्राप्त ठरते.

उपचारांचे पर्याय :

पहिला पर्याय म्हणजे जुने भरण काढून नलिका पुन्हा स्वच्छ करणे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यानुसार अशा पुनरुपचारानंतर सुमारे ७७ टक्के दात पूर्ण बरे झाल्याचे आढळले. आतून पोहोचणे शक्य नसल्यास हिरडी उघडून मुळाचे टोक कापून काढतात व ते बाहेरून बंद करतात. मुळाला उभी चीर गेली असेल किंवा दाताचा पुरेसा भाग शिल्लक नसेल, तर दात काढणे हाच योग्य उपाय होय. मधुमेही रुग्णांत जखम भरण्यास वेळ लागू शकतो. म्हणून रक्तशर्करेवरील नियंत्रण हा उपचाराचाच भाग मानावा.

दात काढण्याची घाई मात्र करू नये. १९१० साली ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी मुखातील संसर्गामुळे शरीरात अन्यत्र रोग होतात, अशी मांडणी केली. पुढील काही दशके पाश्चात्त्य देशांत त्या भीतीपोटी असंख्य दात काढले गेले. पुढे पुराव्याअभावी ही प्रथा मागे पडली.

निष्कर्ष :

मूलनलिका उपचारानंतर टिकून राहिलेला संसर्ग गोळ्यांनी दबतो, संपत नाही. संसर्ग कोठून येतो, दात टिकण्याजोगा आहे काय, आणि पुनरुपचार, शस्त्रक्रिया व दात काढणे यांपैकी काय का निवडावे, हे तीन प्रश्न रुग्णाने दंतवैद्यास विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाल्यावरच पुढील निर्णय घेणे इष्ट ठरेल.