काखेतली गाठ : दुखणारी आणि न दुखणारी

काखेत वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते, दाबली की ठणकते. आपल्या कित्येक भगिनी हे अम्मीपाशीही बोलत नाहीत. आम्हाला गाठीपेक्षा या गप्प बसण्याची काळजी वाटते.

दुखरी गाठ बहुधा साधी असते. काखेतले केस काढणे सुन्नत आहे आणि त्यात चाळीस दिवसांहून जास्त खंड पडू नये, हे आपण जाणतोच. पण बोथट ब्लेड आणि घाम यांमुळे केसाच्या मुळाशी जंतू शिरले की गळू होते. हीच काखमांजरी. दुसरे कारण अवधाण. हाताला जखम किंवा नखुरडे झाले की त्या बाजूच्या काखेतल्या ग्रंथी जंतूंशी लढताना सुजतात. जखम बरी झाली की हळूहळू बसतात. तान्ह्या बाळाला बीसीजीची लस डाव्या दंडात देतात, त्यामुळे कधी डाव्या काखेत गाठ येते. ती दाबू-शेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

मोठ्यांच्या गळवाला सोसेल इतक्या गरम पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने दिवसातून 3-4 वेळा 10-15 मिनिटे शेक द्या. पिळू नका, सुईने फोडू नका. बरे होईपर्यंत ब्लेड आणि डिओडरंट थांबवा, कपडे सैल व सुती घाला, टॉवेल वेगळा ठेवा. घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या मनाने घेऊ नका. ताप आला, लाली पसरली किंवा 2-3 दिवसांत उतार पडला नाही तर दवाखाना गाठा. पू साचला असेल तर डॉक्टर चिरा देऊन काढतात. गळू पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासा.

खरी सावधगिरी हवी ती वेगळ्याच गाठीबाबत. ती टणक असते, वाढत जाते, दोन आठवड्यांनंतरही बसत नाही आणि बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच ती अंगावर काढली जाते. सोबत संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटते वजन असेल तर ग्रंथींचा क्षयरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी व औषधे मोफत मिळतात. उपचार किमान सहा महिने, मध्येच न सोडता घ्यावे लागतात. काखेतली गाठ स्तनाच्या कर्करोगाचीही खूण असू शकते, म्हणून स्तनही तपासून घ्यावेत.

लेडी डॉक्टर मिळाल्या तर उत्तमच. नसतील तर इलाजाच्या गरजेपुरते पुरुष डॉक्टरांना दाखवणे जायज आहे. सोबत घरचे माणूस न्यावे. हया ईमानाचा भाग आहे, पण आजार लपवणे म्हणजे हया नव्हे. वेळेवर दाखवा, इन्शाअल्लाह शिफा मिळेल.