पदकांमधले दिवस

नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत दहा हजार मीटर धावण्याचे कांस्यपदक मिळविले आणि सहा आठवड्यांनी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. २५ फेऱ्यांची ही शर्यत अर्ध्या तासाहून थोड्या अधिक वेळात संपते. टाळ्या आणि हारतुरे तेवढ्यापुरतेच. खेळाडूचे आयुष्य मात्र जाते ते दोन शर्यतींच्या मधल्या दिवसांत: पहाटेची धाव, नेमका आहार, सक्तीची विश्रांती आणि पुन्हा सराव.

या दिवसांना प्रेक्षक नसतो. साक्षीदार असतो तो प्रशिक्षक. नाशकात विजेंदर सिंग यांनी कविता यांच्याकडून ही तपश्चर्या वर्षानुवर्षे करून घेतली. तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळातील नोकरीने चरितार्थाला आधार दिला. पदक पायांनी मिळत असले, तरी त्या पायांमागे आहार, पगार आणि मार्गदर्शक उभे असावे लागतात.

आदिवासी पाड्यांवर काटक मुलींची वानवा नाही. वानवा आहे ती या तीन गोष्टींची. विजेत्यांचे सत्कार अवश्य व्हावेत. परंतु पदक नसलेल्या दिवशी धावणाऱ्या मुलीच्या ताटात काय वाढले जाते, याची चौकशी कोण करतो?